लिनियर अल्जेब्रा आधी, क्वांटम मग: फिजिक्सच्या पदवीचे विषय कसे लावायचे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: फिजिक्सच्या पदवीचं पहिलं वर्ष संपत आलंय. कॅल्क्युलस आणि सुरुवातीचं मेकॅनिक्स झालंय. पुढच्या सेमिस्टरला क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, क्लासिकल मेकॅनिक्स, प्रोग्रॅमिंग आणि लॅब असे पाच विषय एकदम घ्यायचा विचार आहे. लिनियर अल्जेब्रा, म्हणजे व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित, तिसऱ्या वर्षावर ढकलायचं. आणि पुढे पार्टिकल फिजिक्स करायचं असल्यामुळे थर्मोडायनॅमिक्स जमलं तर टाळायचं.

आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर. क्वांटम मेकॅनिक्स पुढच्या सेमिस्टरला घेऊ नकोस, त्या जागी लिनियर अल्जेब्रा घे. म्हणजे विषय मोजायला पाचच राहतील, पण एक जड विषय कमी होईल. प्रोग्रॅमिंग छोटा अभ्यासक्रम म्हणून मिळत असेल तरच घे, नाहीतर तेही एक सेमिस्टर मागे जाऊ दे. थर्मोडायनॅमिक्स आणि त्यामागोमाग येणारं स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स (असंख्य कणांच्या सरासरी वागण्यातून उष्णता समजावणारा विषय) अजिबात सोडू नकोस. पार्टिकल फिजिक्स करायचं असेल तर मुळीच नको.

गेली बावीस वर्षं मी पदवीच्या मुलामुलींना शिकवतोय आणि दर सेमिस्टरच्या तोंडावर विषय निवडायला त्यांच्यासोबत बसतोय. या काळात जे गाडं अडलेलं पाहिलं, ते दहापैकी आठ वेळा एकाच जागी अडलं होतं: फिजिक्सच्या विषयाला लागणारं गणित त्याच सेमिस्टरमध्ये किंवा त्याच्याही नंतर शिकायला घेतलेलं. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला फिजिक्स जमत नाही. खरं तर फिजिक्सपर्यंत तो पोचलेलाच नसतो, गणिताच्या उंबरठ्यावरच ठेचकाळत असतो. म्हणून माझा एकच आग्रह असतो. गणित फिजिक्सच्या किमान एक सेमिस्टर पुढे चालू दे. बाकीची सगळी आखणी यातूनच निघते.

हे का म्हणतो ते एका उदाहरणातून दाखवतो. दोन सारखे लोलक शेजारी शेजारी टांगलेत आणि त्यांच्या गोळ्यांना एक हलकी स्प्रिंग जोडली आहे. एक लोलक बाजूला ओढून सोडला, दुसरा स्थिर ठेवला. थोड्या वेळात पहिल्याचं झुलणं मंदावतं आणि दुसरा झुलू लागतो. मग पहिला जवळजवळ थांबतो, सगळी ऊर्जा दुसऱ्याकडे जाते, आणि पुन्हा परत येते. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर गोंधळात टाकणारा प्रकार आहे. पण दोन्ही लोलकांची समीकरणं लिहिली की समोर दोन ओळी आणि दोन स्तंभांची एक मॅट्रिक्स येते. तिचे आयगेनव्हेक्टर, म्हणजे ज्यांत दोन्ही लोलक एकाच वारंवारतेने झुलत राहतात अशा झुलण्याच्या रीती, दोनच. एकात दोन्ही लोलक बरोबरीने एकाच दिशेला झुलतात. स्प्रिंग ताणलीच जात नाही, त्यामुळे वारंवारता एकट्या लोलकाइतकीच राहते. दुसऱ्यात ते एकमेकांच्या उलट झुलतात. स्प्रिंगचा मध्यबिंदू जागचा हलत नाही, त्यामुळे प्रत्येक लोलकाला जणू अर्ध्या लांबीची, म्हणजे दुप्पट ताठ स्प्रिंग जाणवते आणि वारंवारता वाढते. आपण सुरुवातीला जे केलं, एक ओढलेला आणि एक स्थिर, ते या दोन झुलण्यांचं समसमान मिश्रण आहे. दोघांची वारंवारता किंचित वेगळी असल्याने ती कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना खोडतात. ऊर्जेचं इकडून तिकडे जाणं म्हणजे एवढंच.

आता अमोनियाचा रेणू घे. तीन हायड्रोजनचा त्रिकोण आणि नायट्रोजन त्याच्या एका बाजूला, किंवा दुसऱ्या. या दोन स्थिती एकमेकींशी किंचित जोडलेल्या आहेत, त्यामुळे नायट्रोजन एका बाजूला धरून सोडला तर तो दुसऱ्या बाजूला जातो आणि परत येतो. मॅट्रिक्स तशीच दोन बाय दोनची, आयगेनव्हेक्टर तेच दोन, एक बेरजेचा आणि एक वजाबाकीचा. त्यांच्या ऊर्जांमधल्या फरकाशी जुळणारी वारंवारता सुमारे २४ गिगाहर्ट्झ, आणि याच फरकावर १९५४ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टाउन्स यांच्या प्रयोगशाळेत पहिला मेसर (लेसरचा सूक्ष्मलहरींवर चालणारा पूर्वज) चालला. ज्याने लोलकांचं गणित मॅट्रिक्स लिहून, आपल्या हाताने सोडवलंय, त्याला अमोनियाचा रेणू अर्ध्या तासात कळतो आणि उरलेला वेळ तो खऱ्या क्वांटम प्रश्नांना देतो: मिश्रणातल्या प्रत्येक स्थितीच्या सहगुणकाचा वर्ग म्हणजे संभाव्यता का, मोजमाप केल्यावर नेमकं काय होतं. ज्याने ते केलेलं नाही त्याला मॅट्रिक्स, आयगेनव्हेक्टर, बेसिस (वर्णनाचे अक्ष) बदलणं आणि क्वांटमचा मूळ अर्थ, हे सगळं एकाच आठवड्यात गिळावं लागतं. मग पाठांतर सुरू होतं.

हायझेनबर्गने १९२५ साली क्वांटम मेकॅनिक्सचा तो पहिला निबंध लिहिला तेव्हा त्यालाही मॅट्रिक्स ठाऊक नव्हत्या, असं काही विद्यार्थी मला ऐकवतात. खरं आहे ते. पण त्याच्या हस्तलिखितातला तो विचित्र गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार आहे हे ओळखायला शेजारी माक्स बोर्न होता, आणि बोर्नला ते ओळखता आलं कारण त्याने ते गणित विद्यार्थी असतानाच शिकून ठेवलं होतं.

तेव्हा आखणी करताना वेळापत्रक बाजूला ठेव आणि एक मोठा कागद घे. पदवीच्या शेवटी जो विषय तुला करायचाच आहे तो कागदाच्या उजव्या टोकाला लिही आणि तिथून उलटं मागे ये. तुझ्या बाबतीत उजवीकडे पार्टिकल फिजिक्स. त्याच्या मागे क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा भाग आणि विशेष सापेक्षता. त्याच्या मागे क्वांटमचा पहिला भाग. त्याच्या मागे लिनियर अल्जेब्रा, अवकल समीकरणं आणि हॅमिल्टनच्या पद्धतीपर्यंत पोचलेलं क्लासिकल मेकॅनिक्स. दुसऱ्या रांगेत विद्युतचुंबकत्वाचे दोन भाग, त्यांच्या मागे व्हेक्टर कॅल्क्युलस. तिसऱ्या रांगेत स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, त्याच्या मागे थर्मोडायनॅमिक्स आणि थोडी संभाव्यता. प्रत्येक विषयापासून त्याला लागणाऱ्या विषयाकडे बाण काढ. सगळ्यात लांब साखळी कुठली ते मोज. या साखळीतला कुठलाही विषय हुकला तर पदवी लांबू शकते. साखळीबाहेरचा विषय पुढेमागे झाला तरी काही बिघडत नाही. तुझ्या कागदावर ही साखळी लिनियर अल्जेब्रापासून सुरू होते, आणि नेमकं तेच तू शेवटाला ढकलतोयस.

कागदावर आणखी एक गोष्ट वेगळ्या रंगाने लिही: कुठला विषय दर सेमिस्टरला शिकवला जातो आणि कुठला वर्षातून एकदाच. पुष्कळ विभागांत वरच्या वर्गांचे विषय वर्षातून एकदाच असतात. असा विषय चुकला तर नुकसान एका सेमिस्टरचं नाही, वर्षाचं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीने विद्युतचुंबकत्वाचा पहिला भाग ‘पुढच्या वेळी निवांत करू’ म्हणून सोडला. तो पुन्हा आला थेट वर्षाने. दुसरा भाग, प्रकाशशास्त्राचा वरचा अभ्यासक्रम आणि तिला हवा असलेला प्रकल्प, तिन्ही त्याच्यामागे रांगेत अडकून राहिले. अतिशय हुशार मुलगी, विषय तिला उत्तम जमायचे. फक्त हा एक रंग तिच्या कागदावर नव्हता, आणि तिच्यासोबत बसलेल्या मीही तो तेव्हा विचारला नाही याची खंत मला आहे.

तुझ्याकडे क्वांटमचा पहिला भाग पुढच्याच सेमिस्टरला असेल आणि मग थेट वर्षाने, तर मात्र माझं उत्तर थोडं बदलतं. सुट्टीचे सहा ते आठ आठवडे मिळत असतील तर लागणारं लिनियर अल्जेब्रा तेवढ्यात बसतं: व्हेक्टर स्पेस, बेसिस, इनर प्रॉडक्ट, आयगेनमूल्यं, हर्मिशियन मॅट्रिक्स, डायगोनलाइज करणं. रोज दोन तास आणि रोज उदाहरणं. ते मनापासून करणार असशील तरच क्वांटम घे, आणि मग विद्युतचुंबकत्व त्या सेमिस्टरला नको.

विद्युतचुंबकत्वाबद्दल वेगळं सांगतो, कारण त्याला हलकं समजलं जातं. माझ्या मते पदवीतला सर्वांत कष्टाचा विषय हाच. नियम थोडे आहेत, मॅक्सवेलची चार समीकरणं तर एका ओळीतही मावतात, पण प्रत्येक उदाहरणात कुठला पृष्ठभाग घ्यायचा, कुठली सममिती वापरायची हे दरवेळी नव्याने ठरवावं लागतं. व्हेक्टर कॅल्क्युलसमधली गाउस आणि स्टोक्सची प्रमेयं हातात मुरलेली नसतील तर प्रत्येक तासाला दोन-दोन गोष्टी शिकतोय असं वाटतं. शिवाय त्यातला एक भाग पुढे फार उपयोगी पडतो. गोलाकार सीमेच्या आतलं-बाहेरचं विद्युतविभव काढायला लाप्लासचं समीकरण चलं वेगळी करून सोडवतात, त्यात लेजांड्रच्या बहुपदी येतात. हायड्रोजनच्या अणूत कोनांचा जो भाग येतो तो याच कुळातला. ज्याने विद्युतचुंबकत्वात हे केलंय त्याला हायड्रोजनच्या तासाला जुनी ओळख भेटते. म्हणून विद्युतचुंबकत्वाचा पहिला भाग क्वांटमच्या आधी, आणि दुसरा क्वांटमच्या सोबत, ही जोडी मला सर्वांत चांगली वाटते.

क्लासिकल मेकॅनिक्स तू पुढच्या सेमिस्टरला घेतोयस हे उत्तम. लाग्रांज आणि हॅमिल्टनची पद्धत नीट शिक. पॉइसन ब्रॅकेट हा भाग घाईत उरकला जातो, तो उरकू देऊ नकोस. डिरॅकने १९२५ साली क्वांटममधला कम्युटेटर (दोन राशींच्या गुणाकाराचा क्रम बदलल्यावर पडणारा फरक) ओळखला तो याच ब्रॅकेटशी साम्य बघून.

आता थर्मोडायनॅमिक्स. पार्टिकल फिजिक्सवाल्याला उष्णतेशी काय करायचंय, हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि दर वर्षी मी तितक्याच तळमळीने उत्तर देतो. क्वांटमची सुरुवातच उष्णतेतून झाली. प्लांकने १९०० साली ऊर्जेचे पुंज मानले ते तापलेल्या पोकळीतल्या प्रारणाचा वर्णपट समजून घेताना, आणि त्यासाठी त्याने एन्ट्रॉपीचाच आधार घेतला. पुढे १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अतिवाहकतेचा (काही पदार्थांतून वीज विनारोध वाहण्याचा) सिद्धांत मांडला. तो वाचून त्यावर विचार करता करता नांबूने सममितीभंगाची (नियमांतली सममिती प्रत्यक्ष स्थितीत न दिसण्याची) कल्पना मूलकणांच्या जगात आणली, आणि २००८ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. हिग्ज कणामागची १९६४ ची कल्पना याच वाटेवरची. केनेथ विल्सनचंही तसंच: रीनॉर्मलायझेशन ग्रूपचा (बघण्याचं माप बदललं की सिद्धांत कसा बदलतो याचा) विचार त्याने कणांच्या सिद्धांतात आणि चुंबक, द्रव यांच्या अवस्थांतरांत एकत्र खेळवला. १९८२ चं नोबेल मिळालं ते अवस्थांतरांवरच्या कामाला, पण आज कणांचा सिद्धांत त्याशिवाय शिकवताच येत नाही. विश्वभर पसरलेलं २.७ केल्व्हिनचं पार्श्वप्रारण, सुरुवातीच्या विश्वात कुठले कण कधी वेगळे झाले, हे सगळं स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या भाषेत आहे. हा विषय टाळून तू पार्टिकल फिजिक्सला गेलास तर तिथे तो तुला पुन्हा गाठेल, तेही शिकायला वेळ नसताना.

किती विषय घ्यायचे याचा हिशोब घड्याळावर कर, क्रेडिटवर नको. एका तासाच्या व्याख्यानामागे दोन तास स्वतःचा अभ्यास हा माझा जुना आडाखा आहे, आणि फिजिक्ससाठी तो कमीच पडतो. आठवड्याला चार तासांचे चार विषय म्हणजे सोळा तास वर्गात, बत्तीस तास टेबलाशी. लॅबचे तीन तास आणि अहवालाचे पाच धरले तर छप्पन्न. यात पाचवा जड विषय घातला की अडुसष्ट. कागदावर अडुसष्ट तास मावतात, पण उदाहरण अडलं म्हणून रात्री तसंच सोडून सकाळी पुन्हा त्याच्याकडे बघायला लागणारी उसंत त्यात उरत नाही, आणि फिजिक्स जे काही डोक्यात मुरतं ते बहुतेक त्याच उसंतीत.

लॅबचे पाच तास मी उगाच धरले नाहीत. लॅबला ‘होऊन जाईल’ म्हणणारे विद्यार्थी साध्या लोलकाच्या प्रयोगातच काय गमावतात ते बघ. एक मीटर लांबीच्या लोलकाचा आवर्तनकाळ दोन सेकंदांच्या किंचित वर असतो. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक होते असं धर. एकच आवर्तन मोजलं तर ही चूक दहा टक्के, आणि गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात काळाचा वर्ग असल्याने तिथे वीस टक्के. वीस आवर्तनं मोजली तर चाळीस सेकंदांत तेवढीच ०.२ सेकंद, म्हणजे अर्धा टक्का, आणि उत्तरात एक टक्का. लांबी मोजताना दोन मिलिमीटर चुकले तर उत्तरात फक्त ०.२ टक्के. मग लांबी आणखी बारकाईने मोजण्यात वेळ घालवणं व्यर्थ आहे, हे गणित न करताही दिसायला हवं. आणि लोलक वीस अंशांतून सोडला असेल तर आवर्तनकाळ सुमारे पाऊण टक्क्याने वाढतो, गुरुत्वत्वरण दीड टक्क्याने कमी निघतं, आणि कितीही वेळा मोजलं तरी ही चूक सरासरीत जात नाही. कुठली चूक मोठी, कुठली छोटी, कुठली सरासरीने जाते आणि कुठली जात नाही: पुढे अब्जावधी टकरींचा डेटा समोर आला तरी प्रश्न हेच असतात. हा विचार अहवाल लिहिताना होतो. म्हणून ते पाच तास.

प्रोग्रॅमिंग लवकर शीक, पण मोठा विषय म्हणून शिकायची घाई नाही. पायथनमध्ये याच लोलकाची गती पावलापावलाने काढ. जुन्या वेगाने जागा आणि जुन्या जागेने वेग पुढे नेलास तर लोलकाची ऊर्जा वाढतच जाईल. आधी वेग बदलून मग त्या नव्या वेगाने जागा बदलली तर ऊर्जा एका पट्ट्यात राहील. एका ओळीची जागा बदलल्याने असं का होतं, हे शोधण्यात गेलेली एक संध्याकाळ पुष्कळ काही शिकवते.

प्रकाशशास्त्र, घनस्थिती, अणुकेंद्रीय भौतिकी, खगोलभौतिकी यांपैकी ऐच्छिक विषय कुठले घ्यायचे याची आज काळजी करू नकोस. शिकवणारं माणूस चांगलं असेल तो घे. सामान्य सापेक्षता मात्र विद्युतचुंबकत्वाच्या दुसऱ्या भागानंतरच.

एवढं सगळं जमेस धरून तुझ्या पुढच्या चार सेमिस्टरांचं चित्र मला असं दिसतं. तिसऱ्याला लिनियर अल्जेब्रा आणि अवकल समीकरणं, क्लासिकल मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्वाचा पहिला भाग, लॅब. मात्र व्हेक्टर कॅल्क्युलस झालेलं नसेल तर विद्युतचुंबकत्व एक सेमिस्टर मागे सरकव आणि प्रोग्रॅमिंग पुढे घे. चौथ्याला क्वांटमचा पहिला भाग, विद्युतचुंबकत्वाचा दुसरा, थर्मोडायनॅमिक्स, लॅब. पाचव्याला क्वांटमचा दुसरा भाग, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि एखादा प्रकल्प; हे सेमिस्टर मुद्दाम हलकं ठेव, कारण प्रकल्पाला लागणारा वेळ कधीच आधी नीट मोजता येत नाही. सहाव्याला पार्टिकल फिजिक्स आणि एक ऐच्छिक विषय. पदवी चार वर्षांची असेल तर उत्तमच, एखादा विषय नीट न झाल्यास तो पुन्हा करायला जागा राहते. कुठला विषय वर्षातून एकदाच येतो यावर यातली अदलाबदल होईल, ती तुझ्या कागदावर बघूनच कर.

विषयांची नोंदणी करण्याआधी एक काम कर. कोरा कागद घे, पुस्तक आणि वही मिटव, आणि वरच्या दोन लोलकांच्या दोन वारंवारता स्वतः काढ. मग गोळ्यांची वस्तुमानं वेगळी ठेवून तेच पुन्हा कर. पहिला भाग जमला आणि दुसऱ्यात मॅट्रिक्स सममित राहत नाही म्हणून अडलास, तर लिनियर अल्जेब्रा नेमकं कशासाठी शिकायचंय हे तुला वर्गात बसण्याआधीच ठाऊक असेल. दोन्ही भाग सहज सुटले तर मला पुन्हा लिही. मग क्वांटम तिसऱ्याच सेमिस्टरला घेण्याबद्दल आपण नव्याने बोलू.